वरचा आकडा, खालचा आकडा

बाबांच्या रक्ताच्या रिपोर्टवर किडनीच्या कामाचे, सूत्राने काढलेले दोन आकडे छापून आले होते. वरच्या आकड्यापुढे लिहिलं होतं, 'रुग्ण आफ्रिकन-अमेरिकन असल्यास'. खालच्यापुढे, 'नसल्यास'. वरचा आकडा बरा होता. खालचा वाचून आमच्या गावच्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, मासे बेताने खा, आणि रापणीचा दोर ओढणं बंद करा.

रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून अख्खी वाडी ओढते ते लांबलचक जाळं. बाबा त्या दोरावर सगळ्यांच्या पुढे असतात. दोर बंद म्हणजे सकाळी उठून जायचं कुठे, हाच त्यांच्यापुढे प्रश्न. पण घरी आल्यावर त्यांनी रिपोर्ट उजेडात धरला, आपला उन्हाने रापलेला हात त्याच्या शेजारी ठेवला आणि मला म्हणाले, "मी काळो आसंय मा गो? मग वरचो आकडो माझो."

आई चुलीपुढून ओरडली, "कातडेच्या रंगार किडनी चालता काय?"

मला मात्र हसू येईना. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मोठ्या यांत्रिक बोटींच्या विरोधातल्या मोर्चांची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले, त्यामुळे अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो. त्या संध्याकाळीच सुचला: 'आमची किडनी, तुमचं सूत्र!' दुसऱ्या दिवशी मी कणकवलीच्या लॅबमध्ये जाऊन थडकले.

"ह्या दोन ओळींत आम्ही कुठे बसतो?" मी विचारलं.

काउंटरवरचा माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, ते सॉफ्टवेअरमध्येच येतं. तुम्ही 'नसल्यास'मध्ये."

अख्खं कोकण, अख्खा देश, सगळे 'नसल्यास'! मी तणतणत बाहेर पडले आणि बाबांना घेऊन किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या आठवड्यातून एकदा कणकवलीत येतात. माझं भाषण त्यांनी मध्ये न तोडता ऐकलं, म्हणून मला त्या लगेच आवडल्या. मग म्हणाल्या, "तुझा राग बरोबर आहे. वंश बघून आकडा वाढवायची ती पद्धत जुनी. नव्या सूत्रातून ती ओळ काढून टाकलीय."

"म्हणजे आता आमचा आकडा बरोबर येणार?"

"तसंही नाही. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून सूत्र अंदाज बांधतं. ते जास्त, तर किडनी कमजोर. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. सूत्र ज्यांच्यावर बेतलं, त्यांत आपली माणसं फारशी नव्हतीच. एखादा किडकिडीत, डाळभातावरचा माणूस आला तर सूत्र त्याची किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवेल. आणि असे दंड असलेला आला तर वाईट." त्यांनी बाबांच्या दंडाकडे बोट दाखवलं. बाबांनी तो जरा फुगवला. "तपासणीच्या आदल्या दिवशी काय केलंत?"

"रापण होती. रात्री सुरमई खाल्लंय. सकाळी उरलेली."

बाई हसल्या. स्नायूंवर ताण आणि वर शिजलेले मासे, दोन्हींनी क्रिएटिनिन चढतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. अंदाज नको, मोजूनच बघू, म्हणाल्या. म्हणजे एक दिवस आणि एक रात्र सगळी लघवी एका डब्यात साठवायची, थेंबही बाहेर जाता कामा नये, आणि शेवटी रक्त द्यायचं. त्याआधी दोर नाही, मासे नाहीत.

बाबा पांढरा डबा पिशवीत घालून वाडीत फिरू लागले. लोक विचारायचे, "काय रे, ताडी काय?" बाबा गंभीरपणे म्हणायचे, "घरची आसा. होयी?" दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग शेजाऱ्याची होडी वर ओढायला माणूस कमी पडला, म्हणून बाबा होडी मागून नुसती सरळ धरायला कमरेभर पाण्यात उतरले. परत आले ते तोंड पाडून.

"काय झालं?"

"इसारलंय गो. दर्यात उभो होतंय. सवय."

आई पदर तोंडात कोंबून हसली. पहिला डबा ओतून टाकला. बाबांना आणखी एक दिवस वरणभातावर काढावा लागला आणि दुसऱ्या खेपेला आईने त्यांना समुद्र दिसेल अशा कुठल्याही जागी जाऊ दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाईंनी कागद बघितला. मी खुर्चीच्या कडेवर. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे हात मांड्यांवर मुठी करून पडले होते. इतके दिवस ते थट्टा करत होते, पण त्यांना किती भीती वाटतेय ते मला त्या मुठींवरून कळलं.

"किडनी वयाच्या मानाने छान आहे," बाई म्हणाल्या. "दोर ओढा. मासे खा. पण गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून स्वतःच्या मनाने घेता ना, त्या आजपासून बंद. किडनीला दोरापेक्षा त्या वाईट."

पत्रक मी लिहिलंच. मथळा मात्र बदलला, कारण सूत्र आमच्यावर दात धरून बसलेलं नाही, आम्हाला मोजायलाच कुणी आलं नव्हतं, आणि ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी मागणी केली की आमच्या किनाऱ्यावरच्या, शेतातल्या माणसांच्या, डोक्यावर टोपली वाहणाऱ्या बायकांच्या किडन्याही मोजा आणि मग सूत्र बांधा. बाबांनी खाली एक ओळ घालायला लावली: 'रक्त देवच्या आदल्या दिसा दोर ओढू नकात.'

पुढच्या रापणीला ते परत सगळ्यांच्या पुढे होते. दोरावर त्यांच्या मागे उभे असलेले वाडीतले एक काका अगदी काटकुळे. पत्रक वाचून ते म्हणाले, "माझो आकडो तर झकास इल्लो, रे."

"तुझो फुगलेलो असतलो, मेल्या. हाडां दिसतत तुझी."

काकांचा चेहरा उतरला. "खंय बसता ती डॉक्टरीण?"

"मगे सांगतंय," बाबा टाचा वाळूत रोवत म्हणाले. "आधी ओढ."