खलास

आयोडीनचा वास आला की सौदीतल्या राबिघचा किनारा आठवतो; तिथे मी कामाला होतो. आखाती युद्ध सुरू होताच आमचा गोरा इंजिनिअर लाटांवर स्वार व्हायची आपली फळी टाकून मायदेशी पळाला होता. तिथली लाट प्रवाळाच्या खडकावर डावीकडे वळत फुटायची. “कोकणातल्या माणसाला लाट काय शिकवता?” म्हणत मी फळीवर उभा राहिलो आणि लगेच खडकावर सोलवटलो. पहाऱ्यावरच्या शिपायाने मला बाहेर ओढलं, जखमांवर आयोडीन ओतलं आणि “खलास, खलास” म्हणाला. अरबीत त्याचा अर्थ ‘झालं, आता पुरे’. आमच्या कामगार कॅम्पात नवाच आलेला, किनाऱ्यावर उभा असलेला माझा गाववाला मात्र ते ऐकून धाय मोकलून रडू लागला. “माणूस चांगला होता हो, पण फुशारकी नडली त्याला.” मी पूर्ण शुद्धीवर होतो, पण डोळे उघडायची लाज वाटली. आजही कुणी माझं कौतुक करायला उभा राहिला की पुढचं वाक्य येण्याआधीच मी डोळे मिटतो.