व्हर्नियरच्या घरी

बातमी त्यांच्याच खात्यावरून आली. ‘मी यांची बायको. हे मंगळवारी सकाळी गेले.’ आमच्या ऑनलाइन कट्ट्यावर त्यांचं टोपणनाव ‘व्हर्नियर’, कारखान्यातल्या बारीक मापाच्या पट्टीवरून घेतलेलं. खाली पहिला शेरा पडला, ‘गेले म्हणजे कुठं, लोणावळ्याला?’ मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ‘लाइक पाहिजेत तर तसं सांग ना, भावा.’ याला आता पाच आठवडे झाले.

कट्टा सुरू झाला तेव्हा तिथं पिंपरीपासून चाकणपर्यंतचे कामगार लिहीत. कुणी कुणाला नाव, गाव, कंपनी विचारायची नाही, आपली सांगायचीही नाही, एवढा एकच नियम. त्यामुळे सुपरवायझरचा जाच, दुखरी पाठ, फसलेलं लग्न... सगळं मोकळेपणानं निघे. कंपनीच्या स्टोअरमधून मला कमी केलं, तेव्हा घरी न सांगता मी रोज डबा घेऊन निघायचो आणि आकुर्डी स्टेशनवर बसून राहायचो. हे मी तिथं लिहिलं. व्हर्नियरनी विचारलं, ‘डबा खाता की तसाच परत नेता?’

‘तसाच.’

‘मग घरी कळलंय. आज सांगून टाका.’

खरंच कळलेलं होतं.

पुढे गर्दी वाढली. एकदा कुणीतरी एकाच्या लिखाणावरून त्याची कंपनी हुडकली, तिथं कळवलं आणि त्याची नोकरी गेली. त्यानंतर खरं कुणी लिहीना. टोमणे, चित्रं, एकमेकांना खोटं पाडणं... मी वैतागून म्हटलं, सोडा हे आता. त्यांचं उत्तर आलं, ‘लोक भ्यालेत हो, म्हणून खिदळतात.’ आणि ते रोज कुणाला ना कुणाला धडपणे उत्तर देत राहिले.

बातमीनंतर मी त्यांच्या खात्यावर खासगीत लिहिलं. वहिनींनी दिघीचा पत्ता दिला, तिथं गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो, खाली नाव. आठ वर्षांनी मला ते कळलं.

‘माझ्याशी न्हाई बोलले येवढं तिथं बोलायचे,’ वहिनी म्हणाल्या. ‘आन् तिथं एकालाबी खरं वाटंना. तुमी नाव टाका त्यांचं. फोटो टाका.’

ज्या माणसानं नियम शेवटपर्यंत पाळला त्याचं नाव माझ्या हातून... मी वहिनींना तसं सांगितलं.

‘मग ते खोटंच मेले म्हणायचं का?’

मी फोन काढून कट्टा उघडला. माझ्या टोपणनावाखाली आठ वर्षांच्या तक्रारी होत्या, त्यात आजच्या साहेबांबद्दलच्याही. शेवटी लिहिलं, ‘मी सुधीर. आकुर्डीत कॉलेजच्या ग्रंथालयात असतो. व्हर्नियरच्या घरी बसलोय. ते खरंच गेले.’

मग लोणावळावाला उगवला. ‘मी गणेश. चाकण. चुकलो, काकू.’ पाठोपाठ पिंपळे सौदागरहून एकजण. मग आणखी... वहिनींनी चष्मा लावला, बोटानं ओळ धरली आणि फोटोकडे वळून म्हणाल्या, ‘अहो, ह्यो गणेश. चाकणचा हाय.’