कल्याणीच्या हातचा हरकत अर्ज

सुजाण वाचकांस आधीच सांगतो, की भूत, प्रेत, संकेत असल्या गोष्टींना मी आयुष्यात थारा दिलेला नाही. धुळ्यात तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. सव्वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले, परंतु माझ्या मसुद्यात वकीलसुद्धा सहसा शब्द बदलत नाहीत. ज्याला पुरावा नाही ते कागदावर घ्यायचे नाही, हा माझा नियम. पुढील हकीकतीला पुरावा आहे — आणि तरीही ती मला उलगडलेली नाही.

कल्याणी ही माझी एकुलती एक मुलगी. दहावीची परीक्षा संपली तेव्हा सुटीत ती माझ्या टेबलाशी येऊन बसू लागली. अक्षर मीच घोटून घेतलेले, त्यामुळे माझ्यासारखेच, फक्त अधिक स्वच्छ. अर्जाच्या नकला ती उतरवून देई.

त्या एप्रिलमध्ये साक्री रस्त्यावरच्या एका खेड्यातून सखूबाई नावाची म्हातारी आपल्या दोन मुलांसह आली. नवरा वारला होता, शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावे लावायची होती. मुलांनी स्वतःची आणि आईची नावे सांगितली, मी लिहिली. मुलींची नावे आमच्याकडे कोणी सांगत नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विचारत नाही. त्यांच्यामागे आणखी सहा पक्षकार ताटकळत उभे होते. मी म्हातारीचा अंगठा घेतला, ठरल्याप्रमाणे शेजारी लिहिले — ‘मजकूर वाचून दाखविला, कबूल’ — आणि खाली दस्तूर, म्हणजे कागद लिहिणारा, म्हणून माझे नाव घातले. आम्हा लिहिणाऱ्यांची ही पद्धतच आहे.

ते लोक गेल्यावर कल्याणी म्हणाली, “पप्पा, आजीला वाचून कुठं दाखवलं तुम्ही?”

“तिला त्यातलं काय कळणार होतं?”

“मग कबूल काय केलं तिनं?”

शेजारच्या टेबलावरचे टायपिस्ट आत्माराम भाऊ हसले. “नाना, घरातच तहसीलदार बसवला तुम्ही.”

चार लोकांसमोर मला ते लागले. मी म्हणालो, “तुझी दहावी अजून पास व्हायची आहे. मी सव्वीस वर्षं लिहितोय.” ती दिवसभर नकला उतरवत राहिली, पण माझ्याशी बोलली नाही.

मे महिन्यात ती जळगावला गेली. तेथील एका कॉलेजने उन्हाळी वर्ग काढला होता — दहावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावीचा अभ्यास सुरू करायचा, हॉस्टेलवर राहायचे, आणि जोडीला साठ तास समाजसेवा. ते तास पुरे करणारीची जागा पक्की. कल्याणीला एका मोठ्या दवाखान्यात काम मिळाले. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा रुग्णांचे फॉर्म भरायचे, कागद वाचून दाखवायचे. प्रत्येक दिवसाच्या तासांवर तिथल्या सिस्टर निळ्या पुस्तिकेत सही करीत.

फोनवर ती म्हणाली, “पप्पा, तुमचंच काम करते मी इथं. फक्त वाचून दाखवते.”

मी म्हणालो, “फुकट करतेस, म्हणून जमतं.”

आमच्यातले हे शेवटचे धड बोलणे. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला ताप आला, आणि चौथ्या दिवशी जळगावातच ती गेली. पुस्तिकेत छप्पन्न तास भरले होते. दहावीचा निकाल नंतर लागला. तो मी पाहिला नाही, तिच्या आईने पाहिला.

तेराव्यानंतर मी पुन्हा टेबलावर बसू लागलो. घरात बसवत नव्हते. पहिल्याच शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमारास, सखूबाई एकटी आली. एका डोळ्याला हिरवी पट्टी होती. जळगावला मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले म्हणाली. पदराच्या गाठीतून तिने घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

“भाऊ, हाई दाखल करी दे.”

मी घडी उलगडली. सदर वारस नोंदीवर हरकत, असा विषय होता. अर्जदाराची मुलगी सुमन ही नवऱ्याने टाकल्यामुळे माहेरी राहते, तीच शेत कसते, आणि तिचे नाव वारसांतून राहून गेले आहे, इतका मजकूर नीट परिच्छेद पाडून लिहिलेला. खाली म्हातारीचा अंगठा, शेजारी ‘तीन वेळा वाचून दाखविले’, आणि त्याखाली — दस्तूर, कल्याणी.

अक्षर तिचे होते. अर्जावरची तारीख ती गेल्यानंतरच्या अकराव्या दिवसाची होती.

मी विचारले, “हे कोणी लिहिलं?”

“दवाखानामा एक पोर उनी. दुपारभर मनाजोडे बठनी. बोलनी, आजी, तुन्ही सुमननं नाव त्या कागदमा नही शे. माले काय ठाऊक, मी ते आंगठा लायेल व्हता. मंग तिनी हाई लिखी दिधं.”

“दिसायला कशी होती?”

“डोयाले पट्टी व्हती भाऊ, दुसरा डोयामाबी मोतीबिंदू, माले काय दिसनार? आवाज गोड व्हता. बोलनी, धुळाले मना बाप शे, निंबना झाडखाल बसस. त्याले दे, तो दाखल करी. सोमवारना आत दे.”

मी तिचे डिस्चार्ज कार्ड मागून घेतले. दवाखाना कल्याणीचाच होता. ती भरती झाली तेव्हा कल्याणीला जाऊन नऊ दिवस झाले होते. म्हणजे तारीख लिहिताना चूक झाली असेल, ही वाटही बंद झाली. मी त्या वॉर्डच्या सिस्टरना फोन लावला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “कल्याणी गेल्यापासून मुलींची सेवा बंदच आहे हो. एकही मुलगी आलेली नाही.” मग तलाठ्यांकडे चौकशी केली. हरकतीची मुदत खरोखरच सोमवारी संपत होती, आणि हरकती मागविणारी नोटीस निघाली तेव्हा कल्याणी या जगात नव्हती.

आत्माराम भाऊंनी कागद पाहिला, तारीख पुन्हा एकदा बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, “नाना, मी हाच मजकूर टाईप करून देतो. म्हातारीचा अंगठा नव्याने घ्या. हा कागद घरी न्या, वहिनींना दाखवा.”

माझ्याही मनात तेच होते. मुलीच्या हातचा शेवटचा कागद कोणता बाप फाईलला लावील? मी सखूबाईला तसे सांगितले — दुसरा अर्ज करू, तोही इतकाच चालेल.

तिने मान हलवली. “नही भाऊ. हाई माले वाची दाखाडेल शे. दुसरा कागदवर आंगठा माले लावना नही.” मग म्हणाली, “तू त्या दिनले वाची दाखाडंच नही.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तिला मोठ्याने वाचून दाखविला. शेवटच्या ओळीला दोनदा थांबावे लागले. तिने विचारले, “काय व्हयनं भाऊ?” मी म्हणालो, काही नाही, अक्षर बारीक आहे.

त्यानंतर मी स्वतः आत जाऊन तो अर्ज दाखल केला. कारकुनाने शिक्का मारला, कागदाला भोक पाडले आणि तो नाडीत ओवला. मला पोच म्हणून शिक्का मारलेली अर्जाची झेरॉक्स मिळाली. तिच्यात कल्याणीची निळी शाई काळी झाली आहे.

सुमनचे नाव उताऱ्यावर लागले. सखूबाई सांगायला आली होती, तेव्हा तिची पट्टी निघालेली होती. मी तिला मोबाईलमधला कल्याणीचा फोटो दाखविला. तिने तो बराच वेळ जवळ धरला आणि म्हणाली, “माले ते फक्त आवाज ठाऊक शे.”

हा प्रकार काय होता, मला सांगता येत नाही. ज्यांना सांगितला त्यांनी वेगवेगळी कारणे दिली, त्यांतले एकही डिस्चार्ज कार्डापुढे टिकत नाही. आता मी प्रत्येक अर्ज वाचून दाखवितो. लोक कंटाळतात, काही दुसऱ्या टेबलाकडे जातात. आत्माराम भाऊ हसत नाहीत.

फाईल आता रेकॉर्ड रूममध्ये आहे. कल्याणीची आई म्हणते, झेरॉक्स पुसट होत चालली, निदान कचेरीची नक्कल तरी काढा. नकलेचा फॉर्म माझ्या खणात पडून आहे. दुसऱ्यांचे असे हजारो फॉर्म मी भरले असतील... त्यात एक रकाना असतो — सदर कागदाशी अर्जदाराचा संबंध काय. तिथपर्यंत येऊन माझे पेन थांबते.