मागे काय आहे?

फोन आला तेव्हा मी जपानात, सेंदाईच्या आमच्या स्वयंपाकघरात कचरा वेगळा करत होते. बाटल्या एकीकडे, डबे दुसरीकडे, जळणारा तिसरीकडे. एवढ्या सकाळी, आणि तोही होक्काइदोहून! पलीकडे सासूबाई, म्हणजे आमच्या ओकासान. त्या नेहमीसारखं आधी हवेबद्दल बोलल्या, रात्री किती बर्फ पडलं ते सांगितलं, आणि मग त्याच सुरात म्हणाल्या, "ओतोसान पहाटे गेले. झोपेतच." ओतोसान म्हणजे माझे सासरे. मी हातातली बाटली चुकीच्या पिशवीत टाकली आणि तशीच उभी राहिले...

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. पुण्याहून बहिणीनं वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहायला सांगितलं आणि वर बजावलं, "शेवटी 'त्यांच्या मागे कोण कोण' ते लिहायला विसरू नकोस." मला हसूच आलं. 'मागे' या शब्दानं माझी आणि ओतोसानची ओळख झाली, आणि याच शब्दापायी मी त्यांचा एक मोठा अपराध केला. तो आजवर नवऱ्यालाही सांगितलेला नाही. म्हणून हे लिहिणं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करत होते. प्रयोगशाळेतल्याच हिरोशीशी लग्न केलं आणि वर्षअखेरीच्या सुट्टीत पहिल्यांदा सासरी गेले. सासर म्हणजे होक्काइदोतलं तोकाचीचं सपाट रान. नजर जाईल तिथवर शेतं, मधूनमधून वारा अडवायला लावलेल्या लार्चच्या झाडांच्या रांगा, आणि सगळ्यावर गुडघाभर बर्फ. सासरे गहू, बटाटा आणि बीट पिकवायचे आणि थंडीत हरणं मारायचे. इथली हरणं म्हणजे घोड्याच्या शिंगरासारखी थोराड. बर्फ उकरून कोवळा गहू खातात, कळप आला की एका रात्रीत शेत साफ. आणि मी कुठली? आमच्याकडे अंडंसुद्धा मागच्या दारानं यायचं! पहिल्या जेवणाला समोर हरणाच्या मटणाचं वाडगं आलं, तेव्हा मी नुसता भात चिवडत बसले. ओतोसाननं एक शब्द न बोलता ते उचललं आणि त्या जागी उकडलेले बटाटे ठेवले. पुढे प्रत्येक वर्षी माझ्या पानापुढे बटाटे आपोआप यायचे, कुणी त्यावर बोलायचंसुद्धा नाही.

माणूस भलताच अबोल. आयुष्यात एकच विनोद केला, तोही माझ्या नावावर. मेधातला 'ध' काही त्यांच्या जिभेवर बसेना, ते 'मेदा' म्हणायचे. जपानीत 'मे दा' म्हणजे 'डोळाच आहे'. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे दुर्बीण ठेवली आणि ओकासानला म्हणाले, "सून डोळा होऊनच आलीये. उद्यापासून शिकारीला ही येईल." तोवर त्यांच्याबरोबर ओकासान बसायच्या, पण त्यांचे गुडघे गेले होते. मी म्हटलं, अहो, मला हरणातलं डोंबल कळतं! पण ऐकतंय कोण?

काम साधं होतं. उजाडण्याआधी अवजारांच्या शेडमागे गवताच्या गठ्ठ्यांआड बसायचं. बंदुकीला मी हात लावायचा नाही, कायदाच तसा. सूर्य उगवल्याशिवाय गोळी झाडायची नाही, तोही कायदाच. मी दुर्बिणीतून बघून अंतर सांगायचं. विजेचे खांब मोजून मी ते मनात मराठीत धरायचे, सव्वादोनशे मीटर, अडीचशे मीटर, आणि मग जपानीत सांगायचे. अडीच या एका शब्दात 'दोन आणि अर्धं' मावतं याचं त्यांना फार कौतुक. शेवटी तेच "अदीच?" म्हणून विचारायला लागले. आणि मग, बोट घोड्यावर नेण्याआधी, दर वेळी तोच प्रश्न, "उशिरो वा?" म्हणजे, मागे काय आहे? हरणाच्या मागे माती असेल तरच गोळी. रस्ता, घर, गोठा असेल तर नाही. नीटसं दिसत नसेल तरी नाही. "हरणाला लागली तर गोळीचं काय होतं ते मला माहीत आहे," ते एकदा म्हणाले. "नाही लागली तर काय होतं, ते तू सांगायचं." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं.

तीन हिवाळे मी त्यांचा डोळा झाले. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. गोळी झाडली की ते टोपी काढून हरणापुढे वाकायचे आणि मग माझ्याकडे वळून थर्मासमधला चहा ओतायचे. चौथ्या वर्षी तो चहा कपाच्या बाजूला, बर्फावर पडला. मी बघितलं. त्यांनीही बघितलं. घरी आल्यावर ओकासान मला न्हाणीघराशी गाठून म्हणाल्या, "यांना नीट दिसत नाही, हे हिरोशीला बोलू नकोस गं. तो बंदूक सोडायला लावील. बंदूक गेली तर हे बसूनच जातील." मी मूग गिळून गप्प बसले. मनात म्हटलं, मी आहे ना डोळा!

त्याच सुट्टीतली ती सकाळ. गव्हाच्या शेतापलीकडे पाटाचा उंच बांध होता. पाटाचं काम निघालं म्हणून शेजाऱ्यांनी तो शरदात एका जागी फोडून ट्रॅक्टरपुरती वाट केली होती. आदल्या दिवशी जेवताना त्यावर बोलणंही झालं होतं. लार्चमधून एक नर बाहेर आला. असली शिंगं मी जन्मात पाहिली नव्हती, दुर्बीण त्यांच्यावरून हलेचना. अंतर सांगितलं. ओतोसाननं विचारलं, "मागे?" आणि मी म्हणाले, "बांध."

मी बघितलंच नव्हतं! तीन वर्षं तिथे बांधच होता, म्हणून सवयीनं म्हणाले. हरीण चालत चालत बरोबर त्या फोडलेल्या वाटेसमोर येऊन उभं होतं. आणि वाटेत, मातकट कोट घालून, वासरांसाठी गवताची घसरगाडी ओढत शेजारच्या तोमोए-सान येत होत्या. त्या मला दिसल्या. चार वर्षांचं जपानी एका क्षणात पुसलं गेलं. मी किंचाळले, "थांबा!"

गोळी सुटली नाही. ओतोसाननं बोट बाहेर काढलं, बंदुकीचा बोल्ट मागे ओढला, काडतूस काढून खिशात टाकलं. मग विचारलं, "काय म्हणालीस?"

मी रडत रडत अर्थ सांगितला. "तुम्हाला मराठी कसं कळलं?"

"नाही कळलं," ते म्हणाले. "नाही कळलं, म्हणूनच थांबलो."

मी तिथेच सगळं कबूल केलं, की मी बघितलं नव्हतं, उगाच बोलले. ते ऐकत होते. मग मी तोमोए-सानकडे बोट दाखवलं. त्यांनी बराच वेळ तिकडे टक लावून पाहिलं, दुर्बीण न घेता. "मला तिथे कुणीच दिसत नाही," म्हणाले, आणि उठले. घरी येऊन सगळ्यांना एवढंच सांगितलं, की डोळे गेले, थोडक्यात वाचलो. वसंतात जाऊन त्यांनी बंदूक पोलिसांकडे जमा केली. हिरोशी म्हणाला, "चला, शहाणपण सुचलं एकदाचं." मी त्याही वेळी तोंड उघडलं नाही. चूक माझी आणि बंदूक गेली त्यांची.

ओकासान म्हणाल्या तसे ते काही बसून गेले नाहीत. हरणं दिसली की पत्र्याचा डबा बडवत शेतात जायचे. दर रविवारी आमच्याकडे फोन करून "आज सात, अदीचशेवर" असा अहवाल द्यायचे. डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, तरी बंदुकीचं नाव काढलं नाही. मी कितीदा तरी विषय काढला, की घरात खरं सांगूया. वाटाण्याच्या अक्षता! "हवा काय म्हणते तिकडे?" म्हणून बोलणं वळवायचे.

अंत्यविधीनंतर दुपारी, पाहुणे पांगल्यावर, स्वयंपाकघरात मी आणि तोमोए-सान कप विसळत होतो. मला राहवलंच नाही. म्हटलं, आज नाही सांगितलं तर कधीच नाही. सांगून टाकलं सगळं. त्यांनी कप पुसून उपडा ठेवला.

"ते त्याच संध्याकाळी आमच्याकडे आले होते," त्या म्हणाल्या. "घरात येईनात. दारातच गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावून बसले. म्हणाले, बंदूक माझी, बोट माझं, दुसऱ्या कुणाचा काही दोष नाही." मग म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचा विषय मी काढलाच नव्हता. तेव्हाच समजले."

"म्हणजे तुम्हाला इतकी वर्षं माहीत होतं? तरी दर वर्षी माझ्याशी हसून बोलायचात?"

"तू ओरडली नसतीस तर हसायला मी असते का गं?"

त्यांनी पुढचा कप माझ्या हातात दिला. तेवढ्यात ओकासाननं आतून हाक मारली, "मेधा-सान, बाहेर अजून कुणी आहे का? दार लावून घेऊ?"

'नाही' हा शब्द अगदी जिभेवर आला होता. मी हात पुसले, दार सरकवलं. अंगण बघितलं, शेडपर्यंत बघितलं, शेडच्या मागेही जाऊन बघितलं. सगळीकडे पांढरं शेत पसरलेलं होतं... मग परत येऊन सांगितलं, "कुणी नाही." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोठ्यानं रडू फुटलं.