अर्ध्या दिनारवरचं पापलेट

कॅनडातल्या आमच्या मिल्टनमध्ये दिनारभाऊंसमोर कशाचा भाव काढायची सोय नव्हती. कुवेतमध्ये आयुष्यभर नोकरी करून म्हातारपणी मुलाकडे आलेले हे गृहस्थ डॉलरला मुळी मानायचेच नाहीत. ग्रोसरीत दुधाची भलीमोठी पिशवी उचलली की म्हणायचे, "वहिनी, एक दिनार! फक्त एक!" विंटर टायरची किंमत ऐकून आम्ही कपाळाला हात लावावा, तर हे ती दिनारात करून स्वस्त झाल्यासारखे खूश. पैसे मुलगा डॉलरातच भरायचा, ते सोडा.

घरात त्यांचं कुणी ऐकत नसे. नातवंडं "ओके, आजोबा" म्हणून बेसमेंटमध्ये पळायची. म्हणून आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात त्यांची बोलायची पाळी आली, तेव्हा त्यांच्या पत्नी मालतीबाई मला हळूच म्हणाल्या, "एकदा तरी कुणी शेवटपर्यंत ऐकू दे हो यांचं. जेवायला उठू नका."

बोलले हो छान. एका दिनारचे हजार फिल्स. दिनार आला साठच्या दशकात, त्याआधी तिथे आपला रुपया चालायचा. इराकने लुटून नेलेल्या नोटा कुवेतने सरळ रद्द करून टाकल्या. पण प्रत्येक मुद्द्याला एकेक जण वॉशरूमला निघाला, आणि वॉशरूम नेमकी जेवणाच्या टेबलांपलीकडे!

मग भाऊंनी पाकिटातून अर्ध्या दिनारची नोट काढली. "मागे पाहा. कासव, आणि हा मासा."

मालवणच्या सावंतबाईंनी चष्मा लावला. "अगो बाय, ह्यां तर पापलेट!"

झालं. सगळा हॉल नोटेभोवती.

"पापलेट कसलं, हलवा तो!"

"हलव्याचं तोंड असं असतं? कधी साफ केलायत?"

जन्मात मासा न खाल्लेले जोशीसुद्धा नोट उजेडात धरून शेपटी तपासत होते. भाऊ ओरडतायत, "अहो, दर राहिलाय! दिनारचा दर!" तिकडे भात गार.

मला बाई वाईट वाटलं. पण भाऊ आले ते चेहरा फुलवून. "वहिनी, पाहिलंत? एकही माणूस जेवायला गेला नाही!"

पुढच्या हिवाळ्यात मुलाला लंडनला, आपल्या कॅनडातल्याच हो, नोकरी लागली. निघताना भाऊंनी गाडीची काच खाली केली. "दर सांगायचा राहिला तो राहिलाच."

"मग सांगा की."

मुलगा हॉर्न वाजवतोय, मी ड्राइव्हवेवर बर्फात उभी, आणि भाऊ सांगतायत. दिनारचा दर एकट्या डॉलरला बांधलेला नाही, पुष्कळ चलनांच्या टोपलीला बांधलाय.

मी विचारलं, "टोपलीत कोणतं किती असतं?"

दिनारबद्दल त्यांना कुणी आपणहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न असणार. गाडी हलली, तसे ते अर्धे खिडकीबाहेर आले आणि आनंदाने ओरडले, "तेच तर कुवेतवाले कुणाला सांगत नाहीत!"