सहावीचं पुस्तक

मी घाटावरची. दिवेआगरच्या अलीकडे एका कोळीवाड्यातल्या शाळेत सात वर्षं काढली, त्यातली सहा बदलीची वाट बघण्यात. खारी हवा, घामट दुपार, कपड्यांना बसलेला सुकटीचा वास, कशाशीच माझं जमलं नाही. एका मुलीशी मात्र जमलं.

ती पाचवीत होती. नजर इतकी अधू की चष्म्याचाही उपयोग नव्हता. पुस्तक नाकाला टेकवलं तरी तिला ओळींच्या नुसत्या काळ्या रेघा दिसायच्या. शिबिरात मिळालेलं भिंग पोरांनी उन्हात कागद जाळण्यात संपवलं. मग मी माझ्या फोनवर एक फुकटचं ॲप घेतलं. पानाचा फोटो काढला की फोन ते मराठीत वाचून दाखवायचा. वादळात आडव्या झालेल्या पोफळीच्या रिपा सुताराकडून जोडून घेतल्या आणि फोनसाठी घोडी केली. वर फोन, खाली पुस्तक, तिच्या कानात इअरफोन. पान सरळ आहे का, कडेची ओळ कापली गेली का, हे बघायला तेवढं शेजारी कुणीतरी लागायचं. मधल्या सुट्टीत रोज मी बसायचे.

तिची आई बोर्लीच्या बाजारात मासळी विकायची. ती एकदा विचारायला आली, तेव्हा मी बेधडक सांगून टाकलं की सातवीपर्यंत मी आहे, काळजी करू नका. बदलीचा अर्ज तेव्हाही भरलेलाच होता.

संक्रांतीनंतर मुलगी एकाएकी घाईला आली. एका धड्याऐवजी तीन. पाचवीचं पुस्तक संपल्यावर शेजारणीकडून सहावीचं मागून आणलं. धडा ऐकायचा, पुन्हा ऐकायचा, दुसऱ्या दिवशी घडाघडा म्हणून दाखवायचा. मी हुरळून गेले. उपक्रमांच्या स्पर्धेसाठी अहवाल लिहिला, घोडीचे फोटो जोडले. 'तुम्ही नसताना उपक्रम कसा चालेल?' असा एक रकाना होता. त्यात मी लिहिलं, 'विद्यार्थिनी आता स्वयंपूर्ण झाली आहे.' तालुक्याचं प्रमाणपत्र मिळालं.

बदली झाल्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष संपायला आलं. शेवटच्या आठवड्यात वर्गात सांगितलं तेव्हा दोघीतिघी रडल्या. ती इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत बसून राहिली. शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं आणि रागावलीस का म्हणून विचारलं.

"म्हाईत व्हतं, बाई," ती म्हणाली. "संक्रांतीच्या टायमाला फोननंच सांगलं. धड्याच्या मधीच."

मग मला आठवलं. त्या दिवशी मैत्रिणीचा मेसेज आला होता. यादीत नाव लागलं, सुटलीस एकदाची. तो मी संध्याकाळी वाचला आणि घरी पेढे आणले. पण स्क्रीनवर येईल ते बोलून दाखवायचं, अशी सोय मीच तिच्यासाठी फोनवर करून ठेवली होती. धडा वाचता वाचता त्याच सपाट आवाजात फोननं तेही तिच्या कानात वाचलं होतं. 'सुटलीस एकदाची' सकट. मी शेजारीच बसले होते, पान सरळ धरून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन तुझ्यासाठी इथेच ठेवून जाते, असं मी घाईघाईनं म्हणाले.

"आन बाजूला कोन बसंल?"

मागे उरणाऱ्या सरांकडे चार वर्ग होते. तरी फोन ठेवला, घोडी ठेवली आणि निघाले.

आता माझी शाळा घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. पुढच्या वर्षी सरांना विचारलं तेव्हा फोन कपाटात होता, बॅटरी फुगलेली. पण मुलगी भलतीच हुशार निघाली, सहावीचं सगळं तोंडपाठ आहे, तुम्ही तयारी छान करून घेतलीत, असं ते म्हणाले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ती शाळेत आलीच नाही. आईबरोबर बोर्लीला बसते म्हणे. असं अचानक काय झालं ते कळत नाही, सर म्हणाले. मला कळलं होतं. सातवीचं पुस्तक आमचं वाचायचं राहिलं होतं.