डोंगर पाहायला निघालेल्या घरमालकीणबाई

आमच्या वर्ध्याच्या घरमालकीणबाईंनी एखादी गोष्ट मनात घेतली, की ती अडवायची ताकद मुलात, डॉक्टरात, एवढंच काय रेल्वे खात्यातही नव्हती. मी अल्लीपूरहून नोकरीसाठी वर्ध्यात आलो आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी काही वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. पुढं त्यांचं दुकान, दोरखंड, चाळण्या, सूप आणि कंदिलाच्या काचांचं. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. मुलगा मोठा व्यापारी झाला होता, त्याच्या दृष्टीनं आईचं दुकान म्हणजे नुसती अडगळ. पण बाई रोज सकाळी नऊवारीचा काष्टा आवळून, कपाळावर आठी घालून गल्ल्यावर बसत, आणि गिऱ्हाईकानं भाव पाडून मागितला तर त्याच्याकडे अशा पाहत की तो बिचारा एक चाळणी जास्त घेऊन जाई.

एका हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं, की आपल्याला रेल्वेनं डोंगर पाहायला जायचं आहे. मुलगा जेवता जेवता थांबला. "कोणत्या देवाले?" त्यानं विचारलं. "देवाले नाई. डोंगर पाह्याले." "डोंगरावर कोणता देव हाय मंग?" "डोंगरावर झाडं असतेत," बाई म्हणाल्या, आणि वरणाची वाटी पुढं सरकवली. मुलानं आराम बसनं चारधामला न्यायचं कबूल केलं, काशीचं आमिष दाखवलं. पण बाईंना हवी होती अकोल्याहून खांडव्याकडे जाणारी छोटी मीटरगेज. सातपुड्याच्या जंगलातून जाते, एका ठिकाणी तर डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पुलानं पलीकडे जाते. तीच का, हे कुणी विचारलं की उत्तर एकच, "सस्ती हाय आन जवळ हाय." शिवाय मुलाचा एक पैसा घ्यायचा नाही, हाही पण होता. "त्याच्या पैशानं गेली तर तो म्हणन तिकडंच जा लागन."

मग काटकसर सुरू झाली आणि सगळी गल्ली हवालदिल झाली. दुकानाच्या पायरीवर बसून गप्पा छाटणाऱ्या मंडळींना इतकी वर्षं फुकट चहा मिळायचा. तो आधी अर्धा कप झाला, मग त्यातलं दूध गेलं, आणि शेवटी हातावर चिमूटभर बडीशेप येऊ लागली. कुणी कुरकुर केली तर बाई म्हणत, "माहे डोंगर होऊ द्या, मंग पेजो." म्हातारीचे डोंगर कधी होतात याची चौकशी अख्खा मोहल्ला करू लागला.

माहिती काढायची त्यांची रीत पोलिसी होती. कापूस बाजारात अकोल्याकडचा कुणी व्यापारी आल्याचं कळलं की दोरखंड दाखवायच्या निमित्तानं त्याला गाठत. असा एक गृहस्थ त्या गाडीनं दर महिन्याला जाणारा निघाला. बाईंनी त्याला स्टूल दिलं, बऱ्याच दिवसांत कुणाला न मिळालेला दुधाचा चहासुद्धा दिला, आणि विचारलं, "डोंगर कोणत्या अंगाले दिसतेत?" तो ओशाळून म्हणाला, "काय सांगू बाई, मी तर गाडीत झोपतो." बाईंनी त्याच्या हातातल्या कपाकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, आता तो परत घेतात. "झोपाले तिकीट काढता?" त्या म्हणाल्या. "घरी खाट नाई काय?"

पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा एकदा सोडली की गेली, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून दुपारी त्या सराव करू लागल्या. दुकानाच्या खिडकीला लाकडी बाक लावला, मांडीवर गाठोडं घेतलं, आणि दिवे लागेपर्यंत उठायचं नाही. गिऱ्हाईक आलं तर बाकावरूनच हुकूम सुटे, "सूप तिकडून घ्या, पैसे डब्यात टाका. मी गाडीत हाय." सुरुवातीला लोक घाबरले, मग सवयीनं विचारू लागले, "काकू, कोणतं टेसन आलं?" प्रवासात विकतचं काही खायचं नसल्यानं टिकाऊ खाण्याचे प्रयोगही चालू होते, आणि त्यांची परीक्षा माझ्या पोटावर व्हायची. दशमी कितव्या दिवशी वातड होते, पुरीला कधी वास येतो, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकतो.

मुलगा शेवटी चिडलाच. "म्हातारी बाई एकटी रेल्वेत हिंडते म्हणून लोक हसतीन," तो ओरडला. सूनबाई दाराआडून म्हणाल्या, "अन् गुडघ्याचं काय? डॉक्टर नाई म्हणते." बाई तडक उठल्या. मागच्या खोलीच्या दारात येऊन त्या मला म्हणाल्या, "तू चाल बापा माह्यासंगं. मंग मी एकटी नाई होत. तुह्यं तिकीट तू काढजो." नाही म्हणायची सोय त्यांनी कुणालाच ठेवली नव्हती. अकोल्याला लॉजचा खर्च नको म्हणून त्यांनी मुक्कामाची सोयसुद्धा लावली होती. आमच्या भाजीवालीची लेक तिथं स्टेशनाजवळ दिली होती. लेकीला भेट म्हणून एक नवं सूप आणि दोन चाळण्या गाठोड्याला बांधल्या होत्या.

निघायच्या दिवशी वर्धा स्टेशनावर पोचतो तर फलकावर लिहिलेलं, अकोल्याकडची पॅसेंजर रद्द. पोचवायला आलेल्या मुलाचा चेहरा उजळला. "झालं! चाल आता घरी, देवाचीच मर्जी नाई." बाईंनी फलक माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "काय रद्द झालं?" "गाडी, काकू." "डोंगर तं नाई झाले?" असं म्हणून त्यांनी गाठोड्याचं सूप सोडून काखेत मारलं आणि त्या एसटी स्टँडकडे चालू लागल्या. रिक्षा केली नाही, रिक्षा हिशोबात नव्हती. मुलगा मागून "आई, आई" करत होता. त्या गुडघे दुखत असताना इतक्या ताठ चालत होत्या की गाठोडं घेऊन मीच मागं पडलो. अमरावतीला बस बदलून, अर्धी वाट उभ्यानं काढून आम्ही दिवेलागणीला अकोल्याला पोचलो. भाजीवालीच्या लेकीनं सूप पाहून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, गरम भाकरी आणि झुणका वाढला. बाई एवढंच म्हणाल्या, "सकायी लवकर उठवजो व पोरी."

सकाळी डब्यात चढलो तर भाजीवालीच्या लेकीनं सांगितलेल्या बाजूच्या शेवटच्या खिडकीशी एक माणूस तोंडावर दुपट्टा ओढून झोपलेला. बाईंनी त्याला हलवलं. "काऊन रे, डोंगर पाह्यतं काय?" तो दचकला. "नाई बा." "मंग तुले खिडकी काऊन पाह्यजे? झोप इकडं, पाठीले फळी दोन्हीकडं सारखीच हाय." तो बिचारा मुकाट्यानं सरकला आणि पुन्हा दुपट्ट्यात गेला. अकोट मागं पडलं, कपाशीची रानं संपली, आणि गाडी सागाच्या जंगलात शिरली. बाई हलल्या नाहीत, बोलल्या नाहीत, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. वळणावर पुढचं इंजिन दिसलं की तेवढे त्यांचे ओठ हलत.

आणि मग घाटातलं ते वळण आलं. गाडी डोंगराला बिलगून चढत चढत फिरली, आणि खाली, खूप खाली, आम्ही मघाशी जिथून आलो ते रूळ उन्हात चमकताना दिसले. डब्यात नेहमीचे लोक होते, त्यांना त्याचं काहीच नव्हतं. बाई एकाएकी उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं ओरडल्या, "पाहा! पाहा! खाली रूळ दिसून राह्यले!" झोपलेले जागे झाले. समोरच्या बाकावर एक कोरकू बाई मोळी आणि बोरांची टोपली पायाशी ठेवून बसली होती, ती हसली आणि सरकून त्यांच्याबरोबर बाहेर पाहू लागली. तो दुपट्टेवालाही उठून वाकला. "इतके साल येतो-जातो," तो पुटपुटला, "कधी पाह्यलंच नाई." बाईंचा पदर वाऱ्यानं डोक्यावरून खांद्यावर आला होता. पदर डोक्यावरून ढळल्याचं मी तोवर कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी तो तसाच राहू दिला.

बऱ्याच वेळानं त्या खाली बसल्या. "मी याच गाडीनं आलती बापा," त्या म्हणाल्या. "खांडव्याहून. लगीन होऊन."

मी सरकून त्यांच्याजवळ बसलो.

"हनुवटीपावतर पदर होता. सासू समोर बसलती. अख्खा डब्बा वरडून राह्यलता, पाहा पाहा, खाली रूळ दिसतेत. मीच तेवढी पायाच्या अंगठ्याकडं पाहून राह्यलती."

"मग माहेरी येता-जाताना?"

"कोणाकडं जाऊ? मायबाप लवकरच गेले. भाऊ सुरतेले गेले धंद्याले. सासू वाईट नव्हती. तिनंही नसन पाह्यलं कधी."

खांडव्याला उतरल्यावर त्यांनी स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं नाही. गावात जायचं का, असं मी हळूच विचारलं, तर म्हणाल्या, "गाव पाह्याले नाई आली मी." फलाटावरच्या बाकावर बसून दशम्या खाल्ल्या, आणि परतीच्या गाडीत दुसऱ्या बाजूची खिडकी पटकावली, कारण त्या अंगाचे डोंगर राहिले होते.

वर्ध्यात मात्र यात्रेहून आलेल्या बाईला बायका नमस्कार करायला येतातच. गल्लीतल्या सगळ्या आल्या, पाया पडल्या, प्रसाद मागू लागल्या. बाईंनी वाटेत त्या कोरकू बाईकडून घेतलेली रानबोरं प्रत्येकीच्या हातावर दोन-दोन ठेवली. "कुठला प्रसाद, काकू?" "आंबट हाय, पाणी घेऊन खाजो," त्या म्हणाल्या. मुलानंही तोंड वाकडं करत दोन बोरं खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून चहात दूध आलं.

पुढं माझी बदली झाली. काही वर्षांनी एका कामासाठी वर्ध्याला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे डोकावलो. दुकान बंद होतं. आत चुलीपाशी धूर झाला होता आणि बाई पाटावर बसून, गुडघे पुढं पसरून, नातवंडांसाठी पोळ्या भाजत होत्या. पोळ्या काळ्या पडत होत्या, नातवंडं तोंड पाडून बसली होती.

"सूनबाई कुठं गेल्या?" मी विचारलं.

"पाठवली तिले. बहिणीसंगं, अकोल्याले. नाई नाई म्हणे, लेकरायचं कोण करन म्हणे. म्या म्हटलं, मी हाय ना, मेली काय?" त्यांनी करपलेली पोळी माझ्या ताटात टाकली. "खा. कच्ची नाई."

मी जेवलो. निघताना त्या काठी टेकत दारापर्यंत आल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. आता त्यांना काटे दिसत नव्हते, म्हणून मला वाजले किती ते विचारलं. मी सांगितलं.

"मंग घाट लागला असन तिले," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ दाराची चौकट धरून रस्त्याकडे पाहत उभ्या राहिल्या.